पाहुण्यांच्या टेबलावरचे लांघी भाऊसाहेब

लांघी भाऊसाहेबांच्या खोलीत खुर्चीच्या काठावर बसायला बंदी होती. खुर्च्या मुळात तीन, कचेरीने मोडीत काढलेल्या, त्यांतल्या एकीचा हात मोडका. रविवारी सकाळी डोंगरातून नगरला नव्याने नोकरीला लागलेला कुणी शिपाई, कुणी वनरक्षक दारात चपला काढून आत यायचा आणि भाऊसाहेबांनी "बस" म्हटलं की काठावर जेमतेम टेकायचा. कुणी साहेबाने हाक मारलीच तर उठायला बरं, म्हणून. भाऊसाहेब जागचे उठत, त्याचे दोन्ही खांदे धरत आणि त्याला चक्क मागे रेटत. "टेक पाठ. निवांत टेक. खुर्ची सरकारची हाय, झिजली तर सरकार बघंल. तू कशापायी तिला वाचवतो?" बिचारा पाठ टेकायचा खरा, पण चेहरा असा व्हायचा की न्हाव्यापुढे बसला आहे.

माझी त्यांची ओळख कचेरीतली. मी पाथर्डीकडचा. आमच्या गावात दसरा झाला की निम्म्या घरांना कुलपं लागत आणि माणसं कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागत. त्या वाटेने न जाता मी नगरला कारकून झालो, ते सदुसष्ट साल असेल. माझं टेबल आस्थापनेचं, म्हणजे कुणाची बदली, कुणाची रजा, कुणाची बढती यांच्या कागदांचं. शेजारचं टेबल भाऊसाहेबांचं. त्याच्यावर पाटी होती 'राजशिष्टाचार', पण सगळी कचेरी त्याला पाहुण्यांचं टेबल म्हणे. मंत्री येवोत, परदेशी माणसं येवोत, त्यांची गाडी कुठे थांबणार, हार कोण घालणार, ताटात तिखट किती आणि कुणाच्या शेजारी कुणाला बसवायचं नाही, हे सगळं त्या टेबलावर ठरायचं. चाळिशी ओलांडलेला, काळासावळा, बुटका माणूस; पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि खिशात कायम एक जादा रुमाल. तो पाहुण्यांसाठी असे.

हजर झालो त्या दिवशी त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा. इथे कुणी नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग रविवारी या खोलीवर." मी म्हटलं, "भाऊसाहेब, मी काही तुमच्या डोंगरातला नाही." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "भूक डोंगरातली लागती का पठारावरली, ते बघून भाकरी वाढत न्हाई आमी." मी त्या रविवारी गेलो आणि पुढे जातच राहिलो.

भाऊसाहेब अकोले तालुक्यातले, भंडारदऱ्याच्याही वर असलेल्या एका आदिवासी पाड्यावरचे. त्यांच्या खोऱ्यातले पहिले मॅट्रिक. नगरला आले तेव्हा सरकारी नोकरीत आपल्याकडचं माणूस म्हणून त्यांना एक पाणक्या तेवढा सापडला होता. त्यानंतर जो कुणी डोंगरातून उतरून कचेरीत, दवाखान्यात, जंगल खात्यात लागला, त्याला ते स्वतः स्टँडवर जाऊन उतरवून घेत. खोली पाहून देत, पहिल्या पगारापर्यंत जेवू घालत. अशी करता करता पंधरावीस माणसं जमली. त्यांच्या बैठकीला नाव नव्हतं, अध्यक्ष नव्हता. रविवारी नागलीची भाकरी आणि हुलग्याचं कढण व्हायचं आणि त्याच्या आधी अभ्यास.

अभ्यास म्हणजे काय काय असायचं! कुणाची खात्याची परीक्षा असायची. कुणाला साहेबांकडे रजा मागायला जीभ उचलत नसे, त्याच्याकडून भाऊसाहेब ती सगळ्यांसमोर मागून घेत. स्वतः साहेब होऊन बसत आणि असे खेकसत, की एकदा एक वनरक्षक खरंच घाबरून "ऱ्हाऊ द्या साहेब, न्हाई जात" म्हणून परत फिरला. आम्ही हसून हसून बेजार. कुणाचा आठवड्यात अपमान झाला असेल तर तो सांगायचा. भाऊसाहेब ऐकून घेत, मग म्हणत, "झालं? आता भाकर खा. उपाशी मानसानं अपमान ठेवून घेऊ नये, बाधतो." बढतीसाठी कुणाच्या पाया पडायला निघालेल्याला त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "डोंगर चढताना मागच्याला हात द्यायचा. पुढच्याचं धोतर धरायचं न्हाई. धोतर सुटलं का दोघं बी जात्यात."

त्यांची स्वतःची बढती मात्र कुठे अडकली होती कोण जाणे. त्यांच्या मागून आलेले अव्वल कारकून झाले, दोघे तर रावसाहेब होऊन तालुक्याला गेले. दर साली त्यांच्याबद्दल वरून शेरा यायचा तो एकच: नम्र, कष्टाळू, पाहुण्यांची व्यवस्था उत्तम. कागद माझ्याच टेबलावरून जायचा, म्हणून मला ठाऊक. मी चिडायचो. ते म्हणायचे, "शिरसाट, पाहुने खुश तर साहेब खुश, आनि साहेब खुश म्हनून मला हलवत न्हाईत. चांगलं काम केल्याची सजा हाय ही. भोगायची."

पण एका गोष्टीचं त्यांना वेड होतं. परदेशांत आपल्या देशाच्या कचेऱ्या असतात, त्यांचा कारभार दिल्लीतून चालतो. त्याला भाऊसाहेब 'बाहेरचं खातं' म्हणत. कुणा परदेशी पाहुण्यांबरोबर एकदा त्या खात्याचा एक तरुण अधिकारी नगरला आला होता. मिसरूड फुटलेलं पोर, पण पाहुण्यांशी त्यांच्या भाषेत बोलायला लागलं आणि आमचे मोठे साहेब हात बांधून शेजारी उभे राहिले. भाऊसाहेबांनी ते पाहिलं आणि त्यांच्या मनातून ते काही गेलं नाही. "एवढंसं पोर, पर सबंध देशाच्या वतीनं बोलत हुतं. आपल्यातलं कुनी आजवर कुनाच्या वतीनं बोललंय का? आपल्या वतीनंच दुसरे बोलतात. एक मानूस तिथं गेलं पायजे, शिरसाट. कारकून म्हनून जाऊ दे, टायपिस्ट म्हनून जाऊ दे. एक." त्यांची खोली नगरच्या दिल्ली दरवाज्याजवळ होती. मी चेष्टेने म्हणे, "भाऊसाहेब, दिल्लीच्या दरवाज्यात तर येऊन बसलात." ते म्हणत, "बसलोय खरा. आतनं कडी काडनारा भेटला पायजे."

तुळसा गोडे आमच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून आली तेव्हा ती कडी निघेल असं आम्हालाही वाटायला लागलं. राजूरच्या वसतिगृहात राहून मॅट्रिक झालेली. बोलायला कमी, पण यंत्रावर बसली की शेजारच्या खोलीतली माणसं डोकावून बघत. इंग्रजी टंकलेखन झालं होतं. लघुलेखनाच्या वर्गाला भाऊसाहेबांनी घातलं. संध्याकाळी कचेरी सुटली की ते इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत आणि ती लिहून घेई. त्यांचे उच्चार असे भयंकर होते की मला वाटे, ही पोरगी हे समजून लिहिते आहे तर जगातल्या कुठल्याही वकिलातीत टिकेल. ती त्यांना तात्या म्हणे. "तात्या, ह्या शब्दाला तीन वेळा तीन तऱ्हेनं म्हनलात," असं ती एकदा म्हणाली, तर म्हणतात कसे, "तिकडं तीन देशांचे तीन साहेब असतील, तवा?"

बाहेरच्या खात्यात लघुलेखक भरायची जाहिरात आली. आदिवासी उमेदवारांसाठी काही जागा राखीव होत्या. तुळसा मुंबईला जाऊन परीक्षा देऊन आली. लेखी पास झाली, लघुलेखनाची चाचणी पास झाली. आता मुलाखत तेवढी राहिली होती. बातमी आली त्या रविवारी भाऊसाहेबांनी कढणाऐवजी गूळ घालून शेवया केल्या. त्यांनी स्वतः एक शेवई खाल्ली नाही. सगळ्यांच्या ताटांभोवती नुसते फिरत राहिले. एका माणसाला एवढा आनंद झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

तो बहात्तरचा दुष्काळ होता. आमच्या पाथर्डीकडे तर माणसं खडी फोडून फोडून आडवी झाली होती, पण डोंगरातही त्या साली भात आलं नाही. वाटपाची सुकडी आणि परदेशातून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी खाऊन दिवस निघत होते. दुष्काळ पाहायला पाहुणे येत, आणि जितका दुष्काळ मोठा तितके पाहुणे मोठे. भाऊसाहेबांच्या टेबलाला उसंत नव्हती. अशात दिवाळीनंतर कळलं, की मदत देणाऱ्या कुठल्याशा देशाचे राजदूत येणार आहेत. दिवसभर दुष्काळी कामं पाहतील आणि मुक्कामाला भंडारदऱ्याच्या विश्रामगृहावर जातील. बरोबर दिल्लीहून बाहेरच्या खात्याचे एक बडे अधिकारी.

आमच्या कचेरीचे चिटणीस म्हणजे आमच्या सगळ्यांवरचे साहेब. मनाने वाईट नव्हते. खाणंपिणं, हसणं, पाठीवर थाप मारणं, असा मोकळा गृहस्थ. त्यांनी भाऊसाहेबांना बोलावलं. कागद घेऊन मीही आत होतो.

"लांघी, संध्याकाळी लॉनवर तुमच्या लोकांचा नाच ठेवायचा. पाहुण्यांना नाच हवाच."

"साहेब, पाड्यांवर सांगून बघितलं. ते न्हाई म्हणतात." साहेबांसमोर भाऊसाहेब शुद्ध बोलायचा प्रयत्न करत. "म्हणतात, पोटात नाही तर पायात कुठून येणार."

चिटणीस साहेबांनी जरा विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, मग तुमची इथली मंडळी आहेत की! रविवारी जमतात ती. त्यांना येत असेलच ना? घ्या त्यांना गाडीत. आणि ती गोडे, तिची मुलाखत आहे ना त्याच खात्यात? साहेब जवळून बघतील तिला. असा योग शोधून मिळत नाही."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "भाऊसाहेब, सरळ नाही म्हणून सांगा. हवं तर आजारी पडा."  टेबलाशी बसून भाऊसाहेबांनी खिशातला जादा रुमाल काढला आणि घडी मोडून पुन्हा घातली.

रविवारी त्यांनी सगळ्यांपुढे गोष्ट मांडली.  नाच सगळ्यांनाच येत होता, आवडतही होता. लग्नात, जत्रेत गावी गेले की हेच कारकून नि शिपाई घामाने निथळेपर्यंत फेर धरत. पण हुकुमावरून नाचायचं होतं ते त्यांना कसंसंच वाटत होतं. शेवटी तुळसाच म्हणाली.

"तात्या, आधी नाचले तर मग मला टायपिस्ट कोन म्हनंल?"

"मला बी आधी तसंच वाटलं," भाऊसाहेब म्हणाले, "पर रीत काय हाय आपली? नाच बघितला की पाहुना तसाच उठून जातो का? नाचनाऱ्याला नाव-गाव इचारतो. त्याच्या पंगतीला बसतो. न्हाई इचारलं तर पाहुन्याला पाप. दिल्लीचा झाला म्हनून काय, पाहुनाच हाय ना? तो इचारील, 'नाव काय, गाव काय, काय करता?' मग तुमी सांगायचं, मी वनरक्षक, मी कारकून, मी नर्स. इंग्रजीत सांगायचं. आपून कोन, हे त्यानं ठरवायच्या आधी आपूनच त्याला सांगायचं. ह्याच्यापरीस चांगली मुलाखत कोनती?"

ही रीत मी त्यांच्या खोऱ्यात डोळ्यांनी पाहिली आहे. एका लग्नात म्हातारा व्याही गुडघे दुखत असूनही फेरातल्या एकेकाजवळ जाऊन नाव-गाव विचारत हिंडला आणि मगच भाताला बसला. भाऊसाहेब आयुष्यभर पाहुण्यांची उठबस करत आले होते. कुणाला कुठला हार आणि कुणाला कुठली खुर्ची हे त्यांना पाठ होतं. पण पाहुणा म्हणजे काय, हे ते शेवटपर्यंत आपल्या पाड्यावरूनच समजत राहिले. तुळसाला ते पटलं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. तरी ती म्हणाली, "तुमी म्हनता तर चला." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. त्या माणसाने त्यांच्यासाठी जे केलं होतं, त्यानंतर त्यांना नाही म्हणणं कुणाला जमणारच नव्हतं.

मी त्या दिवशी मदतीला म्हणून गेलो होतो. धरणाचं पाणी खाली गेलं होतं, कडेची तांबडी माती उघडी पडली होती. लॉनवर खुर्च्या मांडल्या होत्या. आमची मंडळी विश्रामगृहाच्या मागल्या बाजूला कपडे बदलत होती. चिटणीस साहेबांनी कुठल्याशा नाटक कंपनीकडून मोरपिसं आणि रंगीत पटके भाड्याने आणवले होते. डोंगरात असलं काही कुणी घालत नाही. भाऊसाहेब म्हणाले, "साहेब, हे आमचं न्हवं." साहेब म्हणाले, "अहो, फोटोत छान येतं."

ढोल वाजला आणि फेर सुरू झाला. आधी पाय अडखळत होते. मग ढोलाने त्यांना धरलं आणि सगळे सगळं विसरले. तुळसा फेराच्या पुढे होती. ती कचेरीत मान खाली घालून चालणारी मुलगी, तिचा ताठ माथा आणि पडणारं एकेक पाऊल बघताना माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. राजदूत टाळ्या वाजवत होते. दिल्लीचे अधिकारी त्यांच्या कानाशी वाकून काही सांगत होते. भाऊसाहेब खुर्च्यांच्या मागे उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मला वाटतं, ते नाव-गावाचे प्रश्न मनात घोकत होते.

ढोल थांबला. सगळे धापा टाकत ओळीने उभे राहिले. राजदूत उठले, दोन्ही हात जोडून हसले. अधिकारीही उठले. "वा, वा," ते म्हणाले. मग चिटणीस साहेबांना इंग्रजीत सांगितलं, "यांना मागच्या बाजूला जेवायला घाला, पोटभर." आणि मंडळी आत गेली. मोठ्या टेबलाच्या खालच्या अंगाला भाऊसाहेबांनी आपल्या माणसांसाठी खुर्च्या ठेवल्या होत्या. त्यांवर तालुक्याचे पुढारी बसले.

आमची ओळ तशीच उभी. कुणी कुणाकडे बघेना. भाऊसाहेब पुढे आले आणि हळूच म्हणाले, "थांबा. जेवून झाल्यावर इचारतील."

तुळसा मात्र थांबली नाही. ती मागे गेली, मोरपिसं काढली, कचेरीची पांढरी साडी नेसली, केस चापून बसवले आणि पाहुणे जेवून व्हरांड्यात आले तेव्हा सरळ त्या अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली. स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, की मी या जिल्ह्यात टायपिस्ट आहे, आपल्या खात्याची परीक्षा पास झाले आहे आणि पुढच्या महिन्यात माझी मुलाखत आहे. अधिकाऱ्यांना आधी उमजेना. मग त्यांनी तिला ओळखलं आणि त्यांना खरोखर आनंद झाला. ते हिंदीत म्हणाले, "अरे, तू तर मघाची! सगळ्यांत पुढची! काय नाचतेस, मुली!" आणि राजदूतांना हाक मारून दाखवलं, "बघा, ही नाचणारी. इंग्रजीही बोलते." राजदूतांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. तुळसाने नमस्कार केला आणि ती परत आली. 

मुलाखतीला ती गेली. तिथे काय विचारलं, ते तिने नीटसं सांगितलं नाही. बरं झालं एवढंच म्हणाली. आम्ही निकालाची वाट बघत राहिलो. भाऊसाहेब टपालाच्या वेळेला आपल्या टेबलावरून उठून दारात जाऊन उभे राहत.

मग एक दिवस चिटणीस साहेब आपल्या खोलीतून स्वतः बाहेर आले. हातात पेढ्यांचा पुडा. आमच्या साहेबांनी असं कारकुनांत येणं म्हणजे अपूर्वच. "लांघी!" त्यांनी लांबूनच हाक दिली. "तोंड गोड करा! तुमची पोरगी दिल्लीला चालली!"

भाऊसाहेब उठले. मी त्यांचा हात धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि ते पाहुण्यांसाठी राखलेल्या त्या रुमालाने पुसत होते. तुळसा यंत्रावरची बोटं तशीच ठेवून वळली. सगळी कचेरी गोळा झाली. कुणीतरी विचारलं, "कधी रुजू व्हायचं?"

"रुजू?" साहेब म्हणाले. "अहो, रुजू नाही. सव्वीस जानेवारीचा सोहळा! त्या अधिकाऱ्यांनी आठवणीने नाव कळवलंय. आपल्या राज्याच्या लोकनृत्याच्या पथकात गोडे पहिल्या रांगेत. आणि हे तुमचे सगळे रविवारचे. भरपगारी!" मग जरासा आवाज खाली आणून म्हणाले, "त्या मुलाखतीचं नाही झालं. पण हेही काय कमी आहे का?"

त्यांनी पेढा भाऊसाहेबांच्या हातावर ठेवला. भाऊसाहेबांनी तो घेतला आणि म्हणाले, "आभारी हाय, साहेब." आयुष्यभराची सवय, दुसरं काय. साहेब समाधानाने पुढच्या टेबलाकडे गेले. मला त्या क्षणी त्यांचा पुडा खिडकीबाहेर भिरकावून द्यावासा वाटला. पण त्या माणसाने काही वाईट केलं नव्हतं, हेच तर अवघड होतं. तुळसाने पेढा घेतला नाही. ती परत टाइप करायला लागली.

दिल्लीला जायचा हुकूम होता, त्यामुळे सगळे गेले. मोरपिसं लावून नाचले, परत आले. त्यानंतरच्या रविवारी भाऊसाहेबांनी भाकऱ्या केल्या, पण चारदोन माणसंच आली. पुढच्या रविवारी मी एकटा. कुणी रागावलं नव्हतं, भांडलं नव्हतं. एकमेकांना त्या वेशात बघितलेली माणसं एकमेकांसमोर अभ्यासाला बसेनात, एवढंच. वनरक्षकाने परीक्षेचा अर्ज भरला नाही. नर्सने बदली करून घेतली. आणि एक गोष्ट मला मागाहून कळली, ती जास्त लागली. गावच्या लग्नांतही हे कुणी आता फेराला उठत नव्हते. बायका हाताला धरून ओढत, तर म्हणत, पाय दुखतो.

भाऊसाहेबांनी आपल्या तालुक्याला, अकोल्याला, बदली मागितली. त्याच सुमाराला त्यांचं अव्वल कारकून व्हायचं चिन्ह दिसत होतं. मागे लागून मीच तो कागद वर नेला होता. मी पुष्कळ समजावलं. स्टँडवर त्यांना पोचवायला गेलो तेव्हाही पुन्हा तेच सांगत होतो. "अजून पोरं येतील, भाऊसाहेब. तुळसाची नसेल झाली, दुसरीची होईल."

"व्हईल," ते म्हणाले. "पर तिला मी भेटलो नसलो तरच व्हईल. म्या ह्यांना आपल्या हातानं फेरात उभं केलं, शिरसाट. साहेबानं न्हाई केलं. साहेबाला काय ठावं हुतं आपली रीत? मला ठावं हुती, आनि मला वाटलं सगळ्या जगाला ठावं हाय." गाडी लागली तसे ते चढले. मी खिडकीशी थांबलो होतो, पण त्यांनी बाहेर पाहिलं नाही.

अकोल्यात त्यांना कोपऱ्यातलं कुठलंसं टेबल मिळालं. पाहुण्यांचं नव्हतं. मी कामाने गेलो की भेटत. चहा पाजत, माझ्या आईची चौकशी करत, पण नगरची कधी केली नाही. दुष्काळ सरल्याच्या दुसऱ्या वर्षी ताप येऊन चार दिवसांत गेले. निरोप मिळाला तसा मी निघालो आणि पाड्यावर पोचलो तेव्हा त्यांना उचलायची तयारी चालली होती.

त्यांच्याकडे वडीलधारं माणूस गेलं तर ढोल लावून नेतात. ढोलकरी येऊन उभे होते. तुळसा अंगणात होती. तिनेही आता बदली घेतली होती, राजूरलाच एका कचेरीत टायपिस्ट होती. ढोलकऱ्याने टिपरी उचलली तशी ती पुढे झाली. "नगं. आज नगं वाजवू." म्हातारे चिडले. ढोलावाचून थोर माणूस कसा न्यायचा, लोक काय म्हणतील, असं बोलू लागले. ती जागची हलली नाही. "तात्यांना नाच लई आवडायचा, आजा. म्हनूनच नगं म्हनते." ढोलकरी बाजूला झाले. आम्ही त्यांना तसेच, काही न वाजवता, उतारावरून खाली नेलं.

परतताना ती माझ्याबरोबर गाडीच्या रस्त्यापर्यंत आली. मला काहीतरी बरं बोलायचं होतं. म्हटलं, "त्या खात्याची परत जाहिरात आली आहे. वर्तमानपत्रात पाहिली मी."

"मी बी बघितली, भाऊ. माझं वय निघून गेलं." थोडं चालून ती म्हणाली, "वसतिगृहावर गेल्ते मी, पोरींना सांगाय. दोघी-तिघी हुशार हायेत, माझ्यापरीस हुशार. त्यांना म्हनलं, अर्ज करा, म्या शिकवीन. तर त्यांनी मला एकच इचारलं."

"काय?"

"म्हनल्या, ताई, तिथं नाचाय लागतं का?"

 तेवढ्यात राजूरची गाडी आली आणि ती चढली.